गुडघाभर पाणी

गिरडच्या पलीकडं, जंगलाच्या कडेला एक खेडं होतं. एकोणीसशे सत्तावन सालचा वैशाख. गावचे पाटील नानाजी जेवण करून पान लावत बसले होते, तेवढ्यात कोतवाल चिंधू धापा टाकत आला.

"पाटील, तलावात केशव पडून हाय... मेला."

नानाजींच्या हातातलं पान गळून पडलं. आधी माणिक, मग हरिदास, आता केशव. महिन्याभरात तिघं, एकाच तलावात, तेही भर दुपारी. आणि तलाव तर आटून गुडघाभर उरला होता. म्हशीचीही पाठ त्यात भिजत नव्हती.

कागद, शाई घेऊन ते निघाले. चिंधूनं वाटेत दोन पंच सोबत घेतले. तलावाच्या पाळीवर, मातीच्या बांधावर, वाऱ्याची झुळूक नव्हती, पाखरू बोलत नव्हतं. तापलेल्या गाळाचा कुबट वास श्वासाला चिकटत होता.

केशव पालथा पडला होता. पाठ कोरडी, उन्हानं तापलेली. तोंड तेवढं गाळात रुतलेलं. मानेवर पाच बोटं उमटली होती. काठापासून तिथवर पावलं मात्र एकट्या केशवचीच.

 कार्तिकात, तलाव तुडुंब होता तेव्हा, प्रेमदास इथंच मेला होता. नागपूरहून धम्मदीक्षा घेऊन आला आणि ताठ मानेनं गावाच्या घाटावर घागर भरायला उतरला. याच तिघांनी त्याची मान पाण्याखाली दाबून धरली. नानाजी पाळीवर उभे होते. त्यांनी सगळं पाहिलं आणि पंचनाम्यात लिहिलं, 'पाय घसरून बुडाला.'

आता त्याच पाळीवर प्रेमदासची बायको तानाबाई बसली होती.

"काऊन बसली इथं?" नानाजींनी हळूच विचारलं. "काई दिसलं का तुले?"

"दिसलं. कार्तिकातबी दिसलं होतं. तवा तुमी इचारलं नाई."

"कोण होतं...?"

"तुमाले ठाऊक हाय." तिची नजर पाण्यावरून हलली नाही. "मी म्हनते त्याले, पुरे कर आता. आयकत नाई. म्हनते, कागद खोटा हाय अजून..."

नानाजींनी पाळीवर बसून कागद मांडीवर घेतला.

"या खेपेले खरं लिवजा, पाटील. दाबनारे तिघं गेले. लिवनारा तेवढा राह्यला."

त्यांनी टाक उचलला. खरं लिहावं, तर कार्तिकातला कागदही खोटा ठरणार, हातात बेड्या पडणार. पाटीलकी जाणार, पोरीचं ठरलेलं लग्न मोडणार. टाक थांबला, मग भराभर चालला. 'पाय घसरून बुडाला.' खाली त्यांनी सही ठोकली. दोघा पंचांनी अंगठे उठवले.

 तानाबाई पदर झटकून उठली आणि वाटेला लागली.

दिवस कलता कलता नानाजी बैलबंडीनं ठाण्यावर पोचले. कोटाच्या खिशातला कागद त्यांनी जमादारापुढं ठेवला. जमादारानं घडी उलगडली, वाचलं, मग चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"पाटील, पंच तर दोन. हे अंगठे तीन कसे?"

नानाजी कागदावर वाकले. तिसऱ्या अंगठ्यापुढं नाव नव्हतं. जमादारानं त्यावर टिपकागद दाबला, उचलला. ठसा तसाच ओला. त्यानं बोट लावून हुंगलं.

"शाई नाई ही... गाळ हाय."

एवढ्या उन्हातून आलेल्या त्या कोरड्या कागदावर, ठशातून पाणी पाझरत होतं. हळूहळू, नानाजींच्या सहीकडं.