नववा दोर

आपल्याकडे थंडी पडायच्या आधी बाया गोधड्या उन्हात टाकतात. दूर विषुववृत्तापाशी, सेम्बावांगच्या समोर, जोहोरच्या खाडीत, पाण्यावर राहणाऱ्या माणसाचा हिवाळा निराळा. तिथे थंडी कसली? डिसेंबर लागला की ईशान्येचा वारा सुटतो, पाऊस आडवा मारतो, आणि पार फेब्रुवारीपर्यंत पायाखालचं सगळं हलत राहतं. म्हणून नोव्हेंबर संपायच्या आत जे जे सुटं असेल ते बांधून टाकायचं.

सुचित्रा आणि प्रबोध त्या दिवशी सकाळपासून याच कामाला लागले होते. प्रबोध पंधरा वर्षं बोटींच्या कारखान्यात फिटर होता. आता त्याने हे तरतं फार्म घेतलं होतं. फार्म म्हणजे काय, तर निळ्या पिंपांवर ठोकलेल्या फळ्या, फळ्यांच्या चौकटीत सोडलेली जाळी, जाळ्यांत जिताडे, आणि एका अंगाला पत्र्याची खोली. शेजारी त्यांची शिडाची बोट. आठवड्यातून एकदा नवरा-बायको शीड लावून मासे धक्क्यावर पोचवत. आज ते शीड उतरवून, गोड्या पाण्यात खळबळून, घडी घालून ठेवलं होतं. इंजिनाचं तेल बदललं होतं. अळूच्या आणि मिरच्यांच्या कुंड्या भिंतीला आवळल्या होत्या.

आणि जाई बांधलेली होती.

जाई त्यांची अडीच वर्षांची लेक. तिच्या कमरेला मऊ दोर, दोराचं दुसरं टोक खोलीच्या खांबाला. दोर असा मोजून कापलेला की पोर कितीही धावली तरी पाण्याच्या कडेपासून तीन फूट अलीकडे थांबायची. खाली आठ वाव, म्हणजे पन्नासेक फूट पाणी. सुचित्राला झोपेतसुद्धा त्या आठ वावांचा विसर पडत नसे. कमरेची गाठ तिच्या वडिलांची, रेवदंड्याला ते वासराला घालायचे ती. ताण पडला तरी आवळायची नाही, गळ्याला काचायची नाही. प्रबोधला कितीदा शिकवली, पण त्याच्या हाताला ती येईना.

"पोरीला वासरू केलंस काय गं?" सासूबाईंनी व्हिडिओ कॉलवर टोमणा मारला होता.

"वासरू परवडलं, आई," सुचित्रा म्हणाली होती. "मासोळी नको व्हायला."

दोराचा एक फायदा असा झाला, की तो मांडीखालून घेऊन कामाला बसलं की लेकीकडे न बघताही तिला लेक कळायची. भूक लागली की जाई बसल्या जागी दोर ओढायची. दोन बारीक हिसके आणि एक मोठा. कणीक मळता मळता सुचित्रा म्हणायची, "आले गं बाई."

दुपारी चारच्या सुमाराला जोहोरच्या बाजूने आभाळ काळं व्हायला लागलं. वारा पडला. पाणी तेलासारखं जड दिसू लागलं, आणि चिखलाचा, सडक्या शिंपल्यांचा वास वर आला. भरती चढत होती.

"नांगराचे दोर तेवढे बघून घेऊ," प्रबोध म्हणाला. "आठही बघून झाले की चहा टाक."

चार कोपरे, कोपऱ्याला दोन दोर, सगळे तिरके लांब गेलेले. तीन कोपरे ठीक होते. उत्तरेच्या कोपऱ्यावर सुचित्रा फळीवर पालथी पडली, खाली डोकावली, आणि म्हणाली, "अहो, इथे तीन आहेत."

"तीन कसे असतील? नीट मोज. सातवी पास ना तू?"

"तुम्हीच या बारावी पास."

तो येऊन तिच्या शेजारी पालथा पडला. दोन दोर शिंपल्यांनी आणि शेवाळाने माखलेले, मनगटाएवढे जाड झालेले. तिसरा स्वच्छ. कालच आणल्यासारखा. आणि तो तिरका जात नव्हता. सरळ खाली, काळ्या पाण्यात उतरत होता.

"ही गाठ…" प्रबोध हळूच म्हणाला. "ही तू कधी मारलीस?"

वासराची गाठ. फार्मच्या कडेच्या तुळईला पक्की बसलेली.

"मी नाही मारली," सुचित्रा म्हणाली. तिने हात खाली घातला, दोर बोटांत धरला. आणि दोर ओढला गेला.

दोन बारीक हिसके. एक मोठा.

तिने गर्रकन मागे पाहिलं. जाई खांबापाशी बसून पातेल्यावर चमचा वाजवत होती. तिचा दोर फळीवर सैल पडलेला होता.

"काय झालं?"

"काही नाही… मासा असेल."

पण भरती चढत होती आणि तो दोर काही लांबत नव्हता. फार्म वर उचललं जात होतं, तो कोपरा मात्र खाली खेचला जात होता. पिंपं कुरकुरली. फळ्यांवर पाणी आलं. आणखी वीतभर बुडाला असता तर जाळ्याचं तोंड पाण्याखाली जाऊन वर्षभराचे जिताडे खाडीला मिळाले असते. टपोरे थेंब पडायला लागले.

"काहीतरी अडकलंय खाली. ओढून बघू," प्रबोध म्हणाला. "धर."

दोघांनी ओढला. वजन लागलं, पण कोपरा बुडवण्याइतकं नाही. तेरा-चौदा किलो. सुचित्राच्या हातांना ते वजन ओळखीचं वाटलं. ते वजन ती रोज कडेवर घ्यायची.

एक हात दोर वर आला. दुसरा हात. तिसरा.

मागे चमच्याचा आवाज थांबला.

"आई," जाई हसत म्हणाली, "कोण ओढतं?"

सुचित्राने मान वळवली. जाई बसल्या बसल्या फळ्यांवरून त्यांच्याकडे सरकत येत होती. पाय हलत नव्हते, हात हलत नव्हते. प्रबोधने आणखी एक हात दोर वर घेतला, आणि पोर एक हात पुढे आली. तिचा कमरेचा दोर ताठ झाला. खांब करकरला.

"आई… दुखतं…"

"सोडा! अहो सोडा, खाली सोडा तो!"

त्याने घाबरून दोर ढिला दिला. दोर सरसर खाली गेला, आणि जाई तितकीच मागे सरकली, खांबाला जाऊन टेकली, आणि मोठ्याने रडू लागली.

पाऊस पत्र्यावर तडतडू लागला होता. उत्तरेच्या कोपऱ्याखालचं एक पिंप मोकळं होऊन वर उसळलं, आणि सगळं फार्म त्या कोपऱ्याकडे कललं.

प्रबोधने सुरी काढली. "कापतो."

"नको!"

"मग काय करू? सगळेच जाऊ खाली?"

"आणि कापल्यावर ती…" पुढचं तिच्या तोंडून निघेना. "थांबा. आधी तिला मोकळी करते."

ती धावली. ओल्या बोटांना गाठ सुटेना. कधी नव्हे ती सुटेना. शेवटी तिने गाठ तशीच राहू दिली, दोराचा वेढा पोरीच्या कमरेवरून, पायांवरून खाली ओढला आणि जाईला बाहेर काढलं. दोन्ही हातांनी छातीशी आवळलं, खोलीच्या भिंतीला पाठ लावली आणि डोळे मिटून ओरडली, "कापा!"

सुरीचे दोन-तीन घाव. मग एक बारीक तुटल्याचा आवाज. कोपरा धप्पकन वर आला, फळ्या थरथरल्या, आणि पाणी चहूकडे वाहून गेलं.

सुचित्राने डोळे उघडले. जाई तिच्या छातीशी होती, गरम, रडून रडून हुंदके देत. तिने पोरीचे हात चाचपले, पाय चाचपले, कानामागे हुंगलं. तीच. सगळी होती. प्रबोध फळीवर मटकन बसला आणि विनाकारण हसला.

"झालं," तो म्हणाला. "सुटलो. चहा टाक बाई आता…"

तिलाही हसू आलं. ती उठली. आणि तिला खांब दिसला.

जाईचा दोर खांबाला होता तसाच होता. पण त्याचा रिकामा वेढा फळ्यांवर कुठे दिसेना. दोर सरळ फळ्यांवरून गेला होता, कडेवरून खाली पाण्यात उतरला होता. जो दोर कडेच्या तीन फूट अलीकडे संपायचा, तो.

तो ताठ होता. पावसाचे थेंब त्याच्यावरून ओघळत होते.

"अहो…" ती कुजबुजली. "सुरी आणा."

प्रबोध उठेपर्यंत दोर हलला. हिसका नव्हता. ताण जरासा कमी झाला, मग आणखी जरासा, आणि दोर अलगद फळीवर टेकला.

जाईने रडणं थांबवलं आणि कडेकडे बघत दोन्ही हात पुढे केले.

सुचित्रा जागची हलू शकली नाही. पोर रांगायला लागल्यापासून तो दोर तिच्या हाताखालून गेला होता. त्याचा ताण काय सांगतो आणि ढिलेपणा काय सांगतो, हे तिला दुसऱ्या कोणी शिकवायला नको होतं. आपल्या दिशेने चालत येणाऱ्या लेकराचा दोर सैलच पडतो.