होल्याच्या खांबावरची कढई

समोरच्या कौलांवर उभा राहून कुणी अनोळखी तरुण आपल्याच घरावर कढई रोखतोय, हे बघितलं आणि वेनिंगच्या हातातलं ओलं सारोंग मातीत पडलं.

“अहो मास, अहो दादा! हे काय चाललंय?”

“नेम धरतोय, म्बाक,” ताई म्हणावं तसं तो म्हणाला.

“माझ्यावर?”

“तुमच्या छपरावर. तुम्हीच मध्ये आलात, त्याला मी काय करू?”

बाई गं, काय जीभ! पण वेनिंगला हसू आलं नाही. चार दिवसांपासून तिला कशाचंच हसू येत नव्हतं. ओसाकातल्या एका रुग्णालयात नर्सची तीन वर्षांची नोकरी, आणि तिची मुलाखत कॉम्प्युटरवरून. मागच्या वेळी ऐन उत्तरात वायफाय गेलं होतं. ‘आणखी एकदा बोलू, पण हे शेवटचं,’ असं त्यांनी कळवलं होतं. आता बुधवार, दुपारी बारा. घास घशाखाली उतरत नव्हता.

मेरबाबू डोंगराच्या उतारावरच्या या वस्तीत इंटरनेटची तार येतच नाही. खालच्या कचेरीतून लहरी सोडायच्या आणि घरोघरी कढईत झेलायच्या. कढईच्या मधोमध बोटभर यंत्र बसवलं की झालं. हे सगळं सांभाळायला गालिह नुकताच आला होता. तोच हा कौलांवरचा नेमबाज.

दुसऱ्या दिवशी तो तिच्या ओसरीवर येऊन बसला.

“सगळी वस्ती सहाव्या चॅनेलवर बोलतेय. बाजारात कुणाचं कुणाला ऐकू येईल? तुम्हाला अकरावं देतो.”

“आणि ते नवं, वेगवान? पाच गिगाहर्ट्‌झ का काय?”

“धावतं जोरात, पण भिंत दिसली की दमतं. दोन पॉइंट चारवालं हळू चालतं… पण लांबवर पोचतं.”

“तुम्ही कुठल्यातले?”

तो कानापर्यंत लाल झाला. “हळूवाला,” म्हणाला.

पासवर्ड होता एक ते आठ आकडे, ओळीनं. वेनिंगच्या वायफायवर अख्खी आळी मालिका बघत होती! गालिहनं कपाळाला हात लावला. त्यानं राउटरची नवीन कडक सुरक्षा चालू केली, तर वेनिंगच्या जुन्या लॅपटॉपला ती कळेचना. मग एक पायरी जुनी ठेवली आणि पासवर्ड मात्र लांबलचक केला. कुंपणापलीकडे शेजारीण बु सार्मी कान टवकारून उभी होती.

“मोठ्यानं सांगत नसतात,” असं म्हणून त्यानं तो वेनिंगच्या कानात सांगितला. लवंगेचा वास… आणि त्याचा श्वास. तिनं पासवर्ड तीनदा विचारला. खरं तर पहिल्यांदाच पाठ झाला होता.

राहिला प्रश्न फणसाच्या झाडाचा. ते नेमकं लहरींच्या वाटेत. त्याच्याहून उंच एकच वस्तू होती, बापाचा, पाक दार्सोनोंचा खांब. त्याच्या टोकाशी त्यांच्या लाडक्या होल्याचा पिंजरा रोज सकाळी दोरीनं वर चढायचा.

“पाखराला त्रास झाला, तर तुझ्या कढईत भजी तळीन,” म्हाताऱ्यानं बजावलं. पण लेकीकडे बघून हो म्हणाला.

मंगळवारी खांबावर चढवायच्या कढईचे स्क्रू आवळताना गालिहनं हळूच विचारलं, “काम मिळालं… तर जाणार?”

“जाणारच.”

“हं.” आणि आवळलेलाच स्क्रू तो पुन्हा आवळत बसला.

बुधवार उजाडला. सिग्नल फक्कड! बाराला दहा मिनिटं होती. वेनिंग केस सारखे करून बसली. आणि बाहेर पाक दार्सोनोंनी ऊन डोक्यावर आलेलं बघितलं. तीस वर्षांची सवय! उन्हात होला ठेवायचा नाही. त्यांनी दोरी सोडली, पिंजरा झरझर खाली आला आणि वाटेत कढईला घेऊनच आला.

पडद्यावरचं चिन्ह विझलं.

“बापू! काय केलंत हे!” वेनिंगला रडूच फुटलं. म्हाताऱ्यानं पिंजरा छातीशी धरला.

सिग्नल बघायला थांबलेला गालिह पुढे धावला. कढई उचलली, वायर खांद्यावर टाकली आणि थेट आढ्यावर चढला. दोन्ही हातांनी कढई डोक्यावर, फणसाच्या शेंड्याच्या जेमतेम वर, धरून उभा राहिला. तापलेली कौलं, तापलेलं लोखंड! पडद्यावर ओसाकातले तीन चेहरे उमटले.

चाळीस मिनिटं! डोक्यावर कौल करकरलं की वेनिंगचा जीव गोळा व्हायचा. गेलं… आता गेलं! पण नाही जायचं.

शेवटी दुभाषी बाईंनी विचारलं, “तीन वर्षं घरापासून लांब. राहाल ना?”

चित्र थिजलं. वेनिंग मोजत राहिली. एक, दोन, तीन, चार… आणि चेहरे पुन्हा हलले.

“राहीन,” ती म्हणाली. “आणि परत येईन.”

तो खाली उतरला तेव्हा त्याचे तळहात भाजून लाल झाले होते. तिनं गार पाण्याचं घमेलं पुढे केलं.

“घेतलं मला. एप्रिलमध्ये जायचं.”

“छान झालं.” तो पाण्याकडेच बघत होता.

“शेवटी अडकलं होतं.”

त्यानं हात पाण्यात बुडवले. “अडकलं नव्हतं… मी कढई खाली केली होती. खिडकीतून प्रश्न ऐकू आला. हात आपोआप खाली आले. मला तू जायला नको आहेस, वेनिंग. आवडतेस मला. घे, सांगून टाकलं.”

तिचा संताप उसळला, आणि डोळेही भरले. “मग परत वर का केलीस?”

“इतके दिवस तू धड जेवली नव्हतीस.”

तिनं पाण्यातच त्याचा हात धरला.

“खाली ठेवली असतीस ना, तर मी इथंच राहिले असते. आणि जन्मभर तुझं तोंड बघितलं नसतं.”

“आणि आता?”

“आता तीन वर्षं रोज बघणार आहे. लाईन नीट ठेव.”