डावीकडचा दिवा

तुम्हीच सांगा, माणसाने विश्वास कुणावर ठेवावा? ज्याच्याकडे आपल्या तिजोरीची किल्ली आहे त्याच्यावर, की ज्याने आपला धुतलेला चेहरा पाहिलाय त्याच्यावर? हसू नका. नाटकवाल्यांना रंग, विग, दाढ्यामिश्या विकण्यात माझा जन्म गेला. फौजदाराची मिशी घ्यायला आलेला माणूस ती लावताक्षणी मलाच दरडावून गेलाय! पण चेहऱ्याची खरी गोष्ट मला कळली ती एका मेकअपदादाकडून. आधी माझं गिऱ्हाईक, पुढे मित्र. त्याने सांगितलं तसंच सांगतो, पदरचं काही घालत नाही.

त्याच्या नाटक कंपनीत एक मोठ्या बाई होत्या, कायम नायिकेचं काम करणाऱ्या. लहानपणी भाजल्याचा डाग होता त्यांच्या डाव्या गालावर. कंपनीत हे ठाऊक फक्त दादाला. बाई रंगपटात आल्या की आधी दार लावायचं, मग आरशाच्या डावीकडचा दिवा बंद करायचा, आणि त्यानंतरच त्या तोंडावरचा रुमाल काढायच्या. त्यांना स्वतःलाच तो डाग बघवत नसे. दादा त्या अंधुक उजेडात नुसत्या बोटांनी अंदाज घेत रंग चढवायचा. दिवा पुन्हा लागला की गाल असा, जणू कधी काही झालंच नव्हतं.

"दादा, तुमच्यामुळे मी आरशात बघते," असं बाई म्हणायच्या.

एकदा प्रयोग संपल्यावर मंडळी रंगपटातच गप्पा मारत बसली होती. बाई घरी गेल्या अशी सगळ्यांची समजूत. एक तरुण नट म्हणाला, "काय हो दादा, बाई दार लावून एवढं काय करून घेतात? दाढी करता की काय त्यांची?"

हशा पिकला. दादाच्या अंगात त्या दिवशी काय संचारलं कोण जाणे. "ये, बस इथं," म्हणाला. गोंद, कापूस, जरासा लाल रंग... आणि त्या पोराच्या गालावर डाग काढून दाखवला. पोरगा लागला बाईंच्या आवाजात बोलायला. लोक पोट धरधरून हसले.

आरशात आधी दिसलं ते दादालाच. बाई दारात उभ्या होत्या. विसरलेला चष्मा न्यायला परत आल्या होत्या.

त्या पुढे आल्या. पोराचा गाल नीट निरखून पाहिला.

"छान जमलाय, दादा," म्हणाल्या. "माझा जरा खाली आहे."

चष्मा उचलला आणि गेल्या.

त्यानंतर त्या घरूनच तोंड रंगवून यायला लागल्या. धड जमायचं नाही. रंगाचे थर बसायचे, पहिल्या रांगेतले लोक कुजबुजायचे. माफीचे शब्द दादाच्या रोज ओठांवर यायचे, आणि रोज तो ते गिळायचा. मग बाईंनी काम सोडलं. पुढच्या उन्हाळ्यात गेल्याच. दादा शेवटच्या दर्शनालाही गेला नाही.

"कुठल्या तोंडाने जाऊ, शेठ?" मला म्हणाला होता.

आता ती रात्र. त्याच वर्षीचा नोव्हेंबर, दुसरा मंगळवार, वाजले होते सव्वाबारा. सकाळच्या शूटिंगला लागणारा विग रंगपटात राहिला होता, म्हणून दादा आपली पेटी घेऊन नाट्यगृहावर गेला. रखवालदाराने दार उघडलं.

"दादा, आतले दिवे गेलेत सगळे. बॅटरी देऊ?"

"अरे, डोळे मिटून सापडेल मला."

बोळ ओलांडून तो रंगपटापाशी आला. दाराच्या फटीतून उजेड येत होता...

आत एकच दिवा. डावीकडचा.

खुर्चीत कुणीतरी पाठमोरं बसलेलं.

"दार लावा, दादा."

त्याने लावलं. सवयीने. हात दिव्याच्या बटणाकडे गेला, तोही सवयीने.

"राहू द्या. आज उतरवायचाय."

चेहऱ्यावर रंगाचे थर होते. तसेच... घरी चढवलेले. दादाने स्पंज ओला केला. पुसलं. खाली रंग. पुन्हा पुसलं. खाली रंगच. गाल गार... फार गार.

"बाई..."

त्याने स्पंज पुन्हा भिजवला.

"बाई, माझं चुकलं."

तो पुसत राहिला...

मग रंग संपला. डाग दिसला. भर उजेडात, आयुष्यात पहिल्यांदा.

"बघितलात?... जरा खाली."

रखवालदार बॅटरी घेऊन आला तेव्हा खोलीत काळोख होता. दादा रिकाम्या खुर्चीसमोर उभा होता. हवेत स्पंज फिरवत. सावकाश... एखाद्याला दुखू नये तसा.

त्यानंतर त्याने कुणाच्याही चेहऱ्याला हात लावला नाही. पेटी माझ्याकडे आणून ठेवली. "विकू नका, शेठ. टाकूही नका." तीच ही, वरच्या फळीवरची. दादालाही जाऊन आता कितीतरी वर्षं झाली. मी स्पंज विकणारा माणूस. कितीही भिजवा, पंख्याखाली ठेवलात तर दोन दिवसांत खडखडीत वाळतो.

हा बघा, पेटीतला त्याचा स्पंज. लावा हात. घाबरू नका...

ओला आहे ना?

असू दे. ठेवा परत. उद्यापासून हे दुकान तुम्ही बघणार. गल्ल्यात चूक झाली तर आपण रात्री बसून पुन्हा मोजू. पण कुणी दार लावून तुम्हाला काही दाखवलं असेल, तर त्याचा हिशेब तेवढा सचोटीने ठेवा, बाबांनो.