दाराजवळचा बाक

अमेरिकेतल्या एका कृष्णवर्णीय वस्तीतल्या माउंट नेबो चर्चमध्ये आलेल्यांना बसवायचं काम लव्होनियाकडे होतं. पांढरा पोशाख, पांढरे हातमोजे आणि बोलायला बंदी. पुढे किती जागा रिकाम्या आहेत ते हात उंच करून बोटांनी दाखवायचं. दाराशी उभ्या सेविकेकडून किती हव्यात तेही बोटांनीच यायचं.

जूनमधल्या एका रविवारी निळ्या सुटातला एक उंच तरुण आला आणि कुणाच्याही बोटांची वाट न पाहता शेवटच्या बाकावर, दाराला लागून बसला. लव्होनियाने बंदी मोडली. वाकून कुजबुजली, पुढे या, इथे पंख्याचा वारा लागत नाही.

"दाराचा लागतो," तो म्हणाला... आणि जरासा हसला.

तिने त्याला पुठ्ठ्याचा हातपंखा दिला. त्यावर गावातल्या अंत्यविधीवाल्याची जाहिरात होती. वारा घेताना माणसाने पुढची सोय विसरू नये म्हणून.

त्याचं नाव कॉर्डेल मेब्री. शाळेची बस चालवायचा. गाणं रंगलं की सगळं चर्च हात उंचावून डोलायचं आणि कॉर्डेलचे हात खिशात जायचे. सेविकांच्या प्रमुख मदर टब्ज, वय बहात्तर, कोपराच्या वर मोजे, यांनी निकाल दिला की साहेबांचे हात देवाला परवडणारे दिसत नाहीत.

लव्होनियाला ते झोंबलं. आपल्याला का झोंबावं, याचा तिने फार तपास केला नाही.

प्रार्थनेनंतर अंगणात जेवणं चालली असताना तिने त्याला विचारलंच. तो ताटलीतल्या पीचच्या कॉब्लरकडे, त्या गरम गोड पदार्थाकडे बघत बोलला. दोन वर्षांपूर्वी, असाच रविवारी चर्चला निघालेला असताना पोलिसांनी गाडी अडवली. कारण आजतागायत कळलेलं नाही. चाळीस मिनिटं हात वर करून रस्त्याकडेला उभा होता, आणि ओळखीची माणसं चर्चच्या ठेवणीतल्या टोप्या घालून गाड्यांतून पुढे जात होती.

"मग सोडलं. पण हात वर नेला की... पाठीला अजून बंदूक लागते."

लव्होनियाने मोजा काढला आणि उघडा हात त्याच्या हातावर ठेवला.

"मग नका नेऊ. देव काही पोलीस नाही."

कॉब्लरवरचं आइस्क्रीम वितळून गेलं. दोघांनाही ते बऱ्याच उशिरा दिसलं.

पलीकडच्या टेबलावर मदर टब्ज होत्या. त्यांचे कान त्यांच्या वयाला अजिबात शोभत नसत. बुधवारच्या बैठकीत, जिथे जो तो आपलं दुखणं सांगतो, त्या सर्वांत आधी उठल्या आणि एक मोजा सोलल्यासारखा उतरवला. दंडावर पोलिसांच्या कुत्र्याचे दात उमटले होते.

"आपल्या लोकांच्या हक्कांच्या मोर्चात होते, बारा वर्षांची. साठ वर्षं हे मोजे धुतेय, पोरा. तुला मी बोलले ते चुकले. खिशात हात घालून बस हवं तर, पण असा एकटा बसू नकोस."

त्या संध्याकाळी कॉर्डेलने ती चाळीस मिनिटं सगळ्यांना सांगितली. सांगायला तासभर लागला. कुणी घड्याळ पाहिलं नाही.

ऑगस्टमध्ये गावोगाव गेलेली मंडळी घरी परततात, त्या रविवारी चर्च खच्चून भरलं. तिसऱ्या बाकापाशी उभ्या लव्होनियाने एक बोट वर केलं – एकच जागा.

दाराजवळ कॉर्डेल उठून उभा राहिला. हात खिशातून निघाला, छातीपर्यंत आला, खांद्यापाशी थांबला... लव्होनियाने आपलं बोट वरच ठेवलं. मग हात डोक्याच्या वर गेला.

दोन बोटं – दोन जागा.

लव्होनिया लाजली. तिला बोटांनी एवढं लांबचं कुणी कधी विचारलं नव्हतं. मदर टब्ज यांनी तिच्या हातातले मोजे काढून घेतले, तिसऱ्या बाकावरच्या डीकनना, चर्चच्या जुन्या कारभाऱ्यांना, सरकायला सांगितलं आणि म्हणाल्या, "बस जा. उभी राहायला मी आहे."

डीकन तीस वर्षांत पहिल्यांदा सरकले. जागा झाली, लव्होनिया बसली, गाणंही सुरू झालं.

मधल्या वाटेने कॉर्डेल पुढे येत होता. हात अजून वरच होता.