सेवेरोकाकांचे बूट

सकाळी सात वाजता चोलेबाईंचा पोलीस चौकीत फोन आला. "माझ्याकडचे एक पाहुणे नाहीसे झालेत. म्हातारे आहेत. बाहेर पाणी गोठलंय. लवकर या."

रेआल देल मोन्ते या डोंगरगावातल्या चढावरचं चोलेबाईंचं लॉज चौकीपासून तीन गल्ल्या दूर. इन्स्पेक्टर अम्पारो हवालदाराला घेऊन चालतच पोहोचली. दारात त्या पाहुण्यांचा पुतण्या उभा होता. फाउस्तो. केरेतारोहून काकांना फिरायला म्हणून आदल्या दिवशी गाडीने घेऊन आलेला.

"कधी कळलं?"

"पावणेसातला जाग आली, तर पलंग रिकामा. काकांचं डोकं आता ठिकाणावर नसतं, मॅडम. कुठेही निघून जातात. सोमवारी कोर्टात तारीख आहे, त्यांचं घरदार माझ्या ताब्यात द्यावं म्हणून."

"गाडीने शोधून आलात?"

"नाही. काल संध्याकाळी सहाला लावली, तेव्हापासून किल्लीलासुद्धा हात लावला नाही."

अम्पारो खोलीत गेली. काकांचा कोट नव्हता, बूटही नव्हते.

"बूट घालून गेले?" चोलेबाई पुटपुटल्या. "काल लेस मीच सोडल्या. बोटं वळत नाहीत बिचाऱ्यांची."

अम्पारो अंगणात आली. दगडी फरशीवर दव गोठून मिठासारखं पांढरं झालं होतं. ती गाडीपाशी वाकली, खालची फरशी पाहिली. मग चाकाच्या खाचेतली लाल माती नखाने काढली.

"आपल्या गावात सगळीकडे फरशी," ती हवालदाराला म्हणाली. "लाल माती फक्त बंद खाणीच्या रस्त्याला. जीप काढ. वाटेतली प्रत्येक पडकी खोली बघ."

फाउस्तो म्हणाला, "एवढ्या लांब ते चालत कसे जातील?"

"तेच मला वाटतंय," अम्पारो म्हणाली.

दहाच्या सुमारास जीप परतली. घोंगडीत गुंडाळलेले सेवेरोकाका उतरले. ओठ निळे, पण पाय स्थिर. चोलेबाईंनी त्यांच्या हातात दालचिनीची गरम कॉफी दिली.

अम्पारो फाउस्तोकडे वळली. "संध्याकाळपासून उभ्या गाडीखाली दव गोठत नाही. फरशी काळी राहते. तुमच्या गाडीखाली पांढरं होतं. म्हणजे दव गोठल्यावर गाडी तिथे आली. चाकाला खाणीची माती. आणि काकांच्या बुटांना आत्ताही दुहेरी गाठ आहे. ती कुणी बांधली?"

"काकांना विचारून काय उपयोग? त्यांना काही आठवत नाही."

"एकतीस वर्षं बस चालवली मी," काका म्हणाले. "पहाटे मला उठवलंस. बूट तूच माझ्या पायात चढवलेस. डोंगरावरून सूर्योदय दाखवतो म्हणालास. लॉजच्या फाटकापासून अकरा वळणं मोजली मी. उतरवून म्हणालास, इथे बसा, गाडी वळवून आणतो."

"म्हातारा रस्ता चुकला, एवढंच सोमवारी कोर्टाला दिसायला हवं होतं," अम्पारो म्हणाली. "मेला असता, तर कोर्टाचीही गरज नव्हती."

फाउस्तोचा चेहरा उतरला. "काका, शपथेवर सांगतो, मी परत येणार होतो. उजाडल्यावर लगेच."

काकांनी कप खाली ठेवला.

"उजाडून तीन तास झाले, बाळा."