एकसष्ट अंशांची खोली

"माफ करा, तुम्ही माझ्या पाईपवर बसला आहात."

तिनं लॅपटॉपमधून मान वर केली. दारात एक उंच तरुण उभा. हातात टॉर्च, गालावर ग्रीसचा काळा पट्टा, आणि डोळे... डोळ्यांत चक्क राग!

"तुमचा पाईप?"

"हॉस्पिटलच्या जुन्या विंगमधलं एकूण एक मशीन मी सांभाळतो. मेंटेनन्स इंजिनीअर. तुम्ही ती भंगारात काढायला आलात ना?"

"उलट, मी त्यांना बोलतं करायला आलेय," ती म्हणाली, आणि मुद्दाम हललीच नाही.

खरं तेच होतं. नव्या विंगमधली यंत्रणा एका भाषेत बोलायची, जुन्या विंगमधली मशिनं दुसऱ्याच. त्या दोन्हींमध्ये ती गेटवे बसवत होती. दिसायला डब्याएवढा, काम दुभाष्याचं. जुन्या विंगमध्ये नवजात बाळांचा कक्ष होता. तिथलं तापमान नव्या कंट्रोल रूममध्ये दिसलं नाही, तर तो कक्ष बंद करून बाळं दूरच्या हॉस्पिटलात हलवायची, असं मोठ्या साहेबांनी ठरवलं होतं. तपासणी शुक्रवारी.

गुरुवारी सकाळी पडद्यावर आकडा उमटला. एकसष्ट अंश!

"बाळं उकडून निघाली की," तो हसला. ती हसली नाही. तिनं धावत वर जाऊन पाहिलं. कक्षात छान ऊब होती, बाळं गाढ झोपलेली.

ती खाली आली, तर पडद्यापाशी साहेब उभे. त्यांनी नकारार्थी मान हलवली. "राहू द्या मॅडम. जुनं ते जुनंच."

"तपासणी उद्या आहे ना, सर? मग आज मी हार मानणार नाही," ती म्हणाली. 

तो तिच्याकडे बघतच राहिला. मग खुर्ची ओढून शेजारी बसला. अगदी शेजारी.

"एकसष्ट..." तो पुटपुटला. "अहो, कक्षातली आर्द्रता एकसष्ट टक्के आहे!"

"म्हणजे मी तापमानाऐवजी शेजारचा, आर्द्रतेचा कप्पा वाचतेय!" ती ताडकन उठली. "तुमचं मशीन कप्पे एकपासून मोजतं, माझा गेटवे शून्यापासून!"

तिनं कप्प्याचा क्रमांक बदलला. पडद्यावर तापमान आलं: सव्वीस. खात्री करायला तो वर गेला, सेन्सरवर तळहात ठेवला आणि फोन लावला.

"वाढतंय?"

"सव्वीस... सत्तावीस... अठ्ठावीस! हात इतका गरम कसा तुमचा?"

"तुमच्याशी बोलतोय ना."

पलीकडून सिस्टरचं हसू ऐकू आलं. इकडे हिचे कान लाल!

शुक्रवारी तपासणी झाली. कक्ष तिथेच राहिला. साहेबांनी स्वतः येऊन तिचं अभिनंदन केलं.  संध्याकाळी तो फाटकापाशी तिची बॅग हातात घेऊन उभा राहिला.

"उद्यापासून दुसऱ्या शहरात काम," ती म्हणाली. "सहा महिने."

"हं."

"नुसतं हं?" तिनं श्वास घेतला. असं न बोलता निघून जाणं तिला जमणारच नव्हतं. "ऐक. मला तू आवडतोस. उत्तर लगेच नको, पण सांगितल्याशिवाय मी बसमध्ये चढणार नाही."

 त्याला हसूच आवरेना.

"काल आईला सगळं सांगितलं, तुझ्याबद्दल."

"मग? काय म्हणाल्या?"

"म्हणाली, तिला सांगितलंस का? म्हटलं, नाही. तर म्हणाली, मग मला कशाला सांगतोस!"

बस आली. तो बॅग घेऊन आधी चढला.

"अरे, तू कुठे?"

"स्टेशनपर्यंत. तेवढ्यात सांगून होईल... सगळं."