पदराची गाठ

परळच्या इस्पितळात मी रोज लोकांच्या गाठी भिंगाखाली पाहायचो. त्या वर्षी धाकट्या बहिणीची, उर्मिलेची पाहिली. डाव्या स्तनातली. पेशी गच्च, एकमेकींवर चढलेल्या.

आधी इंजेक्शनं देऊन गाठ लहान करायची आणि मग कापायची, हा आमच्या सर्जनांचा नवा प्रयोग होता. मी घरी सांगितलं, "आई, औषधानं गाठ सुटेल." मला म्हणायचं होतं, विरघळेल. आईनं तिथल्या तिथे लुगड्याच्या पदराला नवसाची गाठ मारली.

"औषधाला तुझ्या पदराची मदत लागत नाही गं," मी चिडवलं.

"असू दे रे. लागलीच तर असावी."

संध्याकाळी गिरगावातून संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणा जायच्या. त्या आमच्या खिडकीशी येईतो पुसट व्हायच्या, पाण्याखालून आल्यासारख्या. उर्मिला पडल्या पडल्या ओठ हलवायची, "झालाच पाहिजे." उशीवर तिचे केस गळालेले असायचे. मी ते वेचून घ्यायचो.

आईची गाठ मात्र दर इंजेक्शनागणिक सैल पडत होती.

"सोडतेस की काय?"

"हात लावला असेल तर शपथ!"

जुनं सुती लुगडं, पीळ सुटायचाच, असं मी मनाशी म्हटलं.

शस्त्रक्रियेच्या सकाळी पदर मोकळा होता. नुसत्या चुण्या राहिल्या होत्या.

काढलेला भाग मी भिंगाखाली धरला. पेशी नव्हत्या. त्यांच्या जागी गुलाबी व्रण होता, आणि व्रणाला चुण्या. तशाच. मी एकूण एक काच तपासली आणि आनंदानं रडलो.

उर्मिला घरी आली. एका सकाळी मी निघताना आई म्हणाली, "पदरात एक बारीक गाठ राहिलीये रे हेरंब. मोहरीएवढी. नखानंही सुटेना."

इस्पितळात मी उगाच शेवटची काच पुन्हा लावली.

कडेला पाच-सहा पेशी होत्या. गच्च.

आधी तिथे काही नव्हतं. मी पाहिलं होतं.

भर दुपारी घरी धावलो. "आई, ते लुगडं कुठाय?"

"दवाखान्यातलं घरात नको म्हणून बोहारणीला दिलं. पातेलं बघ केवढं मिळालं, जर्मनचं!"

उर्मिला त्यात दूध ओतत होती. ओतता ओतता थांबली. तिच्या उजव्या हाताची बोटं डाव्या काखेत काहीतरी चाचपत होती.